विहीणबाईंच्या चौकशा

राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या पाण्याच्या अल्याड-पल्याड असं एकही घर नसेल, ज्याच्या चुलीपर्यंत आमच्या विहीणबाई पोहोचल्या नाहीत. घर ओळखीचं असावं अशी त्यांची अट नसते. दार उघडं दिसलं की त्या आत जातात. बंद दिसलं तर ते का बंद आहे याची शेजारी चौकशी करतात आणि शेजारणीला घेऊन आत जातात. आत गेल्यावर पाणी मागायचं, ते पीत पीत चारी भिंती, आढं, माठ, पलंगाखालची जागा नजरेखालून घालायची आणि मग खाली बसून सुरुवात करायची. घरात माणसं किती, त्यांतलं खोकतं कोण, पोरीनं शाळा का सोडली, सून माहेरी का गेली, पाणी कुठून आणता, त्याला वास येतो का. हे सगळं त्या इतक्या आपलेपणानं विचारतात, की माणूस सांगून मोकळा होतो. त्या निघून गेल्यावर बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात येतं, की ही बाई कोण होती हे विचारायचंच राहिलं.

दिसायला त्या उंच, काटक. कपाळावर हिरवं गोंदण, लुगड्यावर बारा महिने मुलाचा जुना फुलशर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशात मोबाईल, तंबाखूची पुडी आणि एक लिंबू. लिंबू स्वतःसाठी नसतं. एसटीत ज्याला गाडी लागेल त्याच्यासाठी असतं, आणि तो माणूस त्या गाडी सुटायच्या आतच हेरून त्याच्या शेजारी जाऊन बसतात. जन्म मासेमारीच्या घरात गेला, पण मासा खात नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, ‘त्यो डोळं झाकत न्हाई. ताटात बी माज्याकडं बगत ऱ्हातो. मला वाटतं ह्याला कायतरी इचारायचंय.’ एकदा राहुरीहून श्रीरामपूरला जाताना त्यांनी कंडक्टरला विचारलं, दिवसभर उभं राहून पाय सुजत नाहीत का. तो आधी हसला, मग थोडं थोडं सांगायला लागला, आणि गाडी कारखान्यापाशी येईपर्यंत त्यानं भर गाडीत पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन पायाच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या होत्या. विहीणबाईंनी त्याला दवाखान्यात जायचा हुकूम सोडला. पुढच्या खेपेला ही बाई पुन्हा भेटली तर काय सांगायचं, या धास्तीनं तो खरंच जाऊन आला, असं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं.

आमची ओळख व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी ठाकर. अकोले तालुक्यातल्या डोंगरात जन्मलो, आश्रमशाळेत शिकलो, मास्तर झालो, बदल्या होत होत या बाजूला आलो आणि निवृत्तीनंतर माळावरच्या ठाकरवाडीतच राहिलो. विहीणबाई भिल्ल. त्यांची वस्ती खाली धरणाच्या पाण्याकाठी. माणसं पहाटे जाळी टाकणार, बायका मासे घेऊन बाजार करणार. तिसरी वस्ती सडकेकडं, पारध्यांची. माळावर उभं राहिलं की तिन्ही वस्त्या एका नजरेत येतात. तिन्हीकडं तीच पाचटाची छपरं, तेच प्लॅस्टिकचे कागद, तोच चुलीचा धूर. पण कुणी कुणाच्या दारात जात नसे. आम्ही भिल्लांना दारुडे म्हणायचो, भिल्ल आम्हांला डोंगरे म्हणायचे आणि पारध्यांच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं. अशात माझी मुलगी कविता, नर्सिंगचं शिकलेली, एके दिवशी म्हणाली की तिला पाण्याकाठच्या रवीशी लग्न करायचंय. रवी मासेमारी सोसायटीचा टेम्पो चालवतो. मुलगा चांगला होता. पण वाडीतली जाणती मंडळी माझ्या ओट्यावर येऊन घसा खाकरायला लागली.

मुलगी बघायला विहीणबाई आल्या तेव्हा त्या आमच्या विहीणबाई नव्हत्या. त्या आल्या आणि मुलीकडं न बघता सरळ मागच्या दारानं परसात गेल्या. तिथून परत आल्या, माठाचं झाकण काढून वास घेतला, माझ्या खाटेवर आडव्या होऊन वारा कुठून येतो ते पाहिलं. वाडीतले चार जाणते एका ओळीत बसले होते, ते एकमेकांकडं बघायला लागले. मग विहीणबाई कवितासमोर मांडी घालून बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘ताई, पोरीचं रगत तपासलंय का?’

चहाचा ट्रे घेऊन आलेली माझी बायको जागीच थांबली. ‘कशाचं रक्त?’

‘सिकलचं.’

‘आमच्या पोरीला काय झालंय?’

‘तुमच्या पोरीला काय झालंय आसं म्या म्हनले न्हाई. माज्या पोराला हाय. त्याला सोताला तरास न्हाई, पन रगतात हाय. दवाखान्यात त्याला वाहक म्हनत्यात. तुमची पोरगी बी तशीच निगाली, तर व्हनारं लेकरू दुखनं घिऊनच येऊ शकतं. मग ह्ये लगीन करायचं न्हाई. न्हाई निगाली, तर माजी कायबी मागनी न्हाई. नारळ द्या, पोरगी द्या.’

मी आयुष्यात पुष्कळ सोयरिकी पाहिल्या. मुलाकडच्यांनी मुलाचा दोष झाकलेला पाहिला, दाखवताना भलताच मुलगा दाखवलेला पाहिला. पहिल्या चहाच्या आत स्वतःच्या मुलाचं उणं स्वतः सांगणारी आई मात्र पहिलीच. ट्रे अजून बायकोच्या हातातच होता. शेवटी कविताच म्हणाली, ‘मावशी, आमच्या कॉलेजात सगळ्यांचं तपासलंय. माझ्यात नाही.’

‘तुज्यावर इस्वास हाय गं,’ विहीणबाई म्हणाल्या. ‘पन उद्या परत तपासू. माज्या मनाला.’

आणि खरंच दुसऱ्या दिवशी दोघींनी सरकारी दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीत काही नाही म्हणून सांगितल्यावर विहीणबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ पदर तोंडाला लावून राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘तुमी जेवला का? तोंड सुकलंय.’

या सगळ्यामागचं कारण रवीनं लग्नानंतर सांगितलं. त्याच्या पाठची एक बहीण होती, सोनी. अंगानं बारीक, डोळे कायम पिवळसर. हातापायाचे सांधे दुखायला लागले की रात्रंदिवस कण्हायची. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं काम टाळते. अंगारे झाले, दोरे झाले, उसाच्या तोडीला जाताना मध्येच एका गावातून दुसऱ्या गावात नेऊन सुया टोचून झाल्या. पोरगी वयात येता येता गेली. ती कशानं गेली हे कुणी सांगू शकलं नाही. विहीणबाई म्हणे त्यानंतर वर्षभर भेटेल त्याला एवढंच विचारत होत्या, ‘दुखन्याचं नाव काय?’ पुढं केव्हातरी वस्तीवर रक्ततपासणीचं शिबिर झालं, रवीत सिकल, म्हणजे सिकलसेल हा आईबापाकडून लेकरात उतरणारा रक्ताचा आजार, निघाली, आणि डॉक्टरांनी समजावून सांगताना सोनीची सगळी लक्षणं एकेक करून बोलून दाखवली. नाव कळलं. पण तोवर त्यांना विचारायची सवय लागली होती, ती सुटली नाही. रवी हे सांगत असताना बाहेर अंगणात त्या आमच्या दूधवाल्याला म्हशीच्या वयाबद्दल काहीतरी विचारत होत्या.

लग्नात त्यांनी आणखी एक उद्योग केला. मांडव आमच्या वाडीत होता. पाहुणे ठाकर आणि भिल्ल, हेच पुष्कळांना जड जात होतं. विहीणबाईंनी परस्पर सडकेकडं जाऊन पारधी वस्तीला सरसकट आमंत्रण देऊन टाकलं. का, तर आमंत्रण द्यायच्या निमित्तानं त्यांची घरं आतून बघता आली. पंगतीत तिन्ही वस्त्यांचे लोक वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसले. विहीणबाई हातात बुंदीची परात घेऊन फिरल्या आणि वाढता वाढता त्यांनी मोठ्यांदा एकच प्रश्न सगळ्या पंगतीला केला. ‘गेल्या पावसात कुनाकुनाचं छप्पर उडालं?’ मग पारधी वस्तीचे म्हातारबा, कुडत्याला बटण नसलेले, कमी बोलणारे गृहस्थ, पान पुसत म्हणाले, ‘आमचं उडालं.’ मग भिल्लांतून आवाज आला, मग आमच्यातून. बुंदी संपेपर्यंत सगळे छपरांवर बोलत होते आणि कोपरे बरेच जवळ सरकले होते.

घरकुलाची योजना तिन्ही वस्त्यांना ऐकून माहीत होती. अडचण जागेची होती. नावावर जागा नाही तर घर मंजूर नाही, आणि एकेका वस्तीचे पाचदहा लोक ग्रामसभेला गेले तर त्यांचा विषय शेवटी यायचा, तोवर चहा होऊन सभा उठलेली असायची. त्या लग्नानंतरच्या ग्रामसभेला तिन्ही वस्त्या एकदम गेल्या. देवळापुढचं पटांगण भरलं. विहीणबाई पहिल्या ओळीत. सरपंचांना त्यांनी विचारलं, ‘तुमच्या घरात पावसाचं पानी येतं का?’ नाही म्हणाले. ‘आदी येत हुतं का? लहानपनी?’ सरपंच भला माणूस. म्हणाला की येत होतं, आई रात्रभर पातेली बदलायची. मग त्या आईचं नाव काय, ती कुठल्या गावची, असं सुरू झालं. शेवटी तो स्वतःच म्हणाला, की जागेचा ठराव आधी घेऊ. ठरावानंतरही मोजणीवाल्यांच्या वाटा बघण्यात बरेच महिने गेले, आम्ही सगळ्यांनी तालुक्याला इतक्या खेपा घातल्या की कचेरीपुढचा भेळवाला आम्हांला न विचारता तिखट कमी करून द्यायला लागला. पण तिन्ही वस्त्यांना लागून लागून गायरानाकडेला जागा मिळाली आणि घरं मंजूर झाली.

मिळणाऱ्या रकमेत साहित्य जेमतेम बसत होतं, मजुरीला उरत नव्हतं. यावर इर्जिक करायची कल्पना म्हातारबांची. इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. रानात पूर्वी चालायचं, ते घरांना लावायचं. भिल्लांनी वाळू आणि पाणी बघायचं, आमच्या वाडीतल्या गवंडीकाम येणाऱ्यांनी भिंती उचलायच्या, पारध्यांनी खोदाई आणि पत्रे. नंबर कसे लावायचे ते विहीणबाईंनी ठरवलं. ज्या घरात आजारी माणूस, त्याचं घर आधी. त्यासाठी त्यांनी तिन्ही वस्त्या पुन्हा आतून पाहिल्या, आणि चुलीच्या धुरानं खोकणारी, दम लागणारी, क्षयाच्या गोळ्या चालू असलेली माणसं त्यांना तोंडपाठ झाली.

तिथूनच त्यांचं खिडकीचं वेड सुरू झालं. इंजिनियर साहेब, तरुण मुलगा, आखणीला आले तेव्हा त्या त्यांच्या मागं मागं फिरत होत्या. ‘खिडकी येवडीच?’

‘नकाशात एवढीच आहे, मावशी.’

‘नकाशातली मानसं खोकत न्हाईत, साहेब. आमची खोकत्यात.’

मुलगा हसला. खिडकी मोठी करायला हरकत नाही, पण पश्चिमेला नको, इकडं वारा फार आहे, असं त्यानं पुन्हापुन्हा सांगितलं. विहीणबाईंना पाण्याकडची बाजू आवडत होती. त्यांनी पहिल्या घराला पश्चिमेलाच भली मोठी खिडकी काढायला लावली. पहिल्याच वळवाच्या पावसात त्या खिडकीतून पाणी, पाचोळा आणि शेजारची एक चादर आत आली, आणि घरवाली चुलीपुढं छत्री धरून बसलेली सगळ्यांनी पाहिली. विहीणबाई बघायला आल्या. सगळं नीट न्याहाळून म्हणाल्या, ‘पोरगा बराबर म्हनत हुता.’ आणि इंजिनियरला फोन करून तसं सांगितलंही. पुढच्या सगळ्या खिडक्या पूर्वेला आणि चुलीवर धुराडं, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं. तो आजही या बाजूला आला की त्यांच्याकडं भाकरी खाऊन जातो.

निम्मी घरं उभी राहिली आणि मग ती गोष्ट घडली. एका सकाळी पाहिलं तर शेडमधली सिमेंटची काही पोती कमी होती. आमच्या वाडीतला एक जण खाली बघत म्हणाला, ‘सडकंकडं बगा की.’ एवढंच. तिथं पाया खणत असलेल्या पारधी माणसांनी ऐकलं. एकेकानं फावडं भिंतीला टेकवलं, बायकांनी पाट्या उलट्या घातल्या, आणि सगळे मुकाट्यानं वस्तीकडं चालू लागले. म्हातारबा सगळ्यांत शेवटी होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं, संपलं. लग्नापासून जे सांधलं होतं ते एका वाक्यानं उसवलं, आणि आता पावसाळा तोंडावर होता.

विहीणबाई मासे विकून आल्या तेव्हा कामाचा शुकशुकाट होता. झाला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. मग म्हणाल्या, ‘कुनाला बगायचंय? सगळ्यांचीच घरं बगू. माज्यापास्नं सुरवात.’ त्यांनी आपल्या छपरातल्या गोधड्या, भांडी, पत्र्याची पेटी अंगणात काढून मांडली. मग दुसरं घर, मग तिसरं. चौथं त्यांच्या सख्ख्या दिराचं. कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग होता; त्यांनी जाळी उचलली, खाली पोती.

‘भाऊजी, ह्ये काय हाय?’

दीर उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. ‘माजा नंबर कवा यायचा? पावसाच्या आदी खालची जिमीन तरी कोबा करून घ्यावी म्हनलं. लेकराच्या आंगाखाली वल यीती.’

विहीणबाईंनी उचललेली जाळी हळूच खाली ठेवली. त्यांना प्रश्न न सुचलेला मी प्रथमच पाहत होतो. मग त्या म्हणाल्या, ‘पोतं खांद्यावर घ्या. चला.’ पुढं त्या, मागं पोतं घेतलेला दीर, त्यामागं मी, आणि माझ्यामागं सकाळी ते वाक्य बोललेला आमचा माणूस, ज्याला मी दंडाला धरून आणलं होतं. पारधी वस्तीवर म्हातारबा लिंबाखाली बसले होते. दिरानं पोतं खाली ठेवलं आणि कसंबसं सांगितलं. आमचा माणूसही चुकलं म्हणाला. म्हातारबांनी सगळं ऐकलं.

‘बाई, आमाला सवय हाय,’ ते म्हणाले.

‘सवय हाय म्हनूनच आले,’ विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर मातीत बसल्या.

त्या दिवशी कुणी कामावर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विहीणबाई रोज बाजार आटोपून तिकडंच जात. त्यांची भाकरी त्या तिथं खात, तिथल्या बायकांशी बोलत. एक म्हातारी दम्यानं बसूनच झोपायची, तिच्या पाठीला हात लावून बसत. म्हातारबांशी काही बोलत नसत, फक्त समोर बसत. शेवटी एके दुपारी म्हातारबा वैतागून म्हणाले, ‘तू काय रोज येनार का आता?’

‘व्हय.’

म्हातारबांनी उपरणं झटकलं. ‘मंग काम केलेलं बरं.’

संध्याकाळी पारध्यांच्या बायकांनी पाट्या सरळ केल्या. विहीणबाईंनी एक फेरबदल केला. दम्याच्या म्हातारीचं घर वर घेतलं, आणि चूक आपल्या घरच्या माणसाची म्हणून दिराचं आणि स्वतःचं घर सगळ्यांच्या शेवटी टाकलं. त्या पावसाळ्यात त्या कागदाच्या छपराखालीच राहिल्या. रवी आणि कविता त्यांना दवाखान्याजवळच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर न्यायला आले, तर म्हणाल्या, ‘तिथं शेजारी बोलत न्हाईत.’

मध्यंतरी श्रीरामपूरला मासे घेऊन गेल्या असताना रविवारी चर्चपुढं गर्दी दिसली. आत काय चालतं ते बघायला त्या गेल्या. रिकामी पाटी पायाशी ठेवून शेवटच्या बाकावर बसल्या. शेजारीण उभी राहिली की उभ्या राहिल्या, बसली की बसल्या. सुटल्यावर एका सिस्टरना त्यांनी गाठलं आणि रक्तदाब तपासा म्हणाल्या. आपण दवाखान्यातल्या सिस्टर नाही, हे सिस्टरनी समजावून सांगितलं. ‘मग तुमी काय करता?’ इथून जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. सिस्टर गावातल्याच मुलींच्या एका वसतिगृहात असत. पुढच्या जूनमध्ये आमच्या तिन्ही वस्त्यांतल्या मुली तिथं राहून शिकायला गेल्या. त्यांतली म्हातारबांची नात आता कवितासारखीच नर्सिंग करते. मुली सुटीत आल्या की विहीणबाई त्यांना समोर बसवतात आणि शाळेतलं काहीतरी शिकवायला लावतात. गुरुत्वाकर्षण त्यांना अजून पटलेलं नाही. धरणातला मासा वर कसा येतो, हा त्यांचा मुद्दा आहे.

घरं होत आली तेव्हा उरलेल्या विटा, अर्धवट पोती आणि पत्र्याचे तुकडे जमवून वस्त्यांच्या मधोमध एक जादा खोली झाली. तिथं आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येतात, सिकलची तपासणी होते, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. आता तिन्हीकडं सोयरीक निघाली की पहिल्यांदा मुलाला-मुलीला त्या खोलीत पाठवतात. एक लग्न मोडलंही त्यामुळं. मोडलं त्या दिवशी विहीणबाई दोन्ही घरी जाऊन जेवल्या. पुढं त्या दोघांची लग्नं वेगळीकडं झाली. दोन्हीकडं पाळणा हललाय आणि दोन्ही लेकरं धडधाकट आहेत.

विहीणबाईंचं घर यंदाच्या दिवाळीनंतर पुरं झालं. एक खोली, पुढं पडवी, पूर्वेला खिडकी. तिन्ही वस्त्या जेवायला होत्या. घर झालं म्हणजे कुलूप हवं, म्हणून त्यांनी राहुरीच्या बाजारातून जन्मातलं पहिलं कुलूप आणलं. दुकानदाराला त्यांनी कुलपाच्या पोटात काय असतं ते खोलून दाखवायला लावलं होतं, आणि त्यानं दाखवलंही होतं. त्या घरात त्या पुरत्या स्थिरावल्याही नसतील, तोच आमची घरं बघून गेलेल्या, म्हातारबांच्या कर्जतकडच्या सोयऱ्यांचा निरोप आला. तिकडंही पालं आहेत, तिकडंही कुणी कुणाशी बोलत नाही. चार दिवस येऊन बसाल का. विहीणबाईंनी पिशवी भरली. बरोबर माझ्या बायकोला घेतलं. लग्नाआधी जिच्या हातात तो चहाचा ट्रे अडकून राहिला होता, ती आता त्यांच्याशिवाय कुठं जात नाही. किल्ली माझ्याकडं दिली आणि गाडीत चढताना म्हणाल्या, ‘इवाई, जेवनाचं काय करनार? भात येतो का टाकायला?’

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन यायचा. तिथलं पाणी मचूळ आहे, एका पोराचे डोळे पिवळे दिसतात, त्याला उद्या नेणार आहोत, सरपंच तरुण आहे पण ऐकून घेतो. सांगून झालं की माझी चौकशी. भात करपला का, गुडघा कसा आहे, म्हातारबा जेवले का, कवितानं फोन केला होता का.

परवाचा फोन वेगळा होता. आवाज दमलेला वाटला. बायको म्हणाली की दोन दिवस अंगात कणकण आहे, औषध चालू आहे, काळजीचं नाही. मग विहीणबाईंनी फोन घेतला. मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

‘इवाई,’ त्या म्हणाल्या, ‘आज मला घराची आठवन आली.’

मी चुलीवरचा भात खाली उतरवला.

‘जल्म गेला माजा. तोडीला गेले, नदीनं फिरले, पालं मोडली, परत बांदली. मानसांची आठवन यायची. घराची कवा आली न्हाई. आज दुपारी पडल्या पडल्या एकदम ती खोलीच दिसाय लागली. ह्ये आसं व्हतं का मानसाला?’

‘होतं, ईनबाई,’ मी म्हणालो.

‘बरं,’ त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी आणखी काहीच न विचारता त्यांनी फोन ठेवला.

मी किल्ली घेतली आणि उतारानं खाली गेलो. दार उघडलं, खिडकी उघडली. आत फारसं काही नव्हतंच. गोधड्यांची चवड, पत्र्याची पेटी, उपडी घातलेली पातेली. जमिनीवर बारीक धूळ बसली होती ती झाडून काढली. माठात पाणी भरून ठेवलं, कुणी प्यायला नव्हतं तरी. दारासमोर धरणाचं पाणी काळं होत चाललं होतं, आणि तिन्ही वस्त्यांतले दिवे एकेक करून लागत होते. मग मी उंबऱ्यावर पुरता अंधार पडेपर्यंत नुसता बसून राहिलो.